तीन बिल्ल्यांची गाय

सीनाकाठ दूध संघाच्या सर्व्हरने मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता नवी नोंद घ्यायचं नाकारलं, आणि दहाच्या आत केडगावच्या कार्यालयात प्रत्येकाला त्याचं कारण कळलेलं होतं. फुकटचं होतं, दुसरं काय! चहावाल्यापासून उपाध्यक्षांपर्यंत सगळे अर्ध्या तासात संगणकतज्ज्ञ झाले. ज्यांना स्वतःच्या मोबाईलचा आवाज कमी करता येत नव्हता, तेही मान हलवून सांगू लागले की पैसे न मोजता आणलेल्या वस्तूचं असंच व्हायचं.

हे सगळं सत्यशीला दहिफळेच्या कानावर जाईल अशा बेतानेच बोललं जात होतं. कारण ते फुकटचं नऊ वर्षांपूर्वी तिनेच आणलं होतं.

संघाला दूध घालणाऱ्या प्रत्येक गाईच्या कानात एक पिवळा बिल्ला असतो. त्या बिल्ल्याच्या नंबरावर गाईची सगळी कुंडली नोंदलेली असते: वेतं किती झाली, दूध किती दिलं, लस कधी टोचली, बाप कोणता. या लाखो नोंदी सांभाळायच्या आणि मागितली ती क्षणात काढून द्यायची, हे काम डेटाबेस सर्व्हर नावाच्या सॉफ्टवेअरचं. ते बनवणारी कंपनी त्याच्या दोन आवृत्त्या देते, एक विकत आणि एक मोफत. मोफतला मर्यादा असते. तिच्यात दहा जीबीच माहिती मावते. कणगी गळ्यापर्यंत भरली की जुनं धान्य काढता येतं, नवा दाणा टाकता येत नाही, तसं. सत्यशीलाने तेव्हा संचालकांना छातीठोकपणे सांगितलं होतं, की आपल्या गाईंना दहा जीबी पंचवीस वर्षं पुरेल. पंचवीसची नऊच झाली होती, आणि कणगी भरली होती.

बाई मोठी हिंमतीची. पाथर्डीकडची. आईबाप सहा महिने ऊसतोडीला जायचे तेव्हा मामाकडे राहून शिकली, आणि संघात डेअरीच्या पावत्या फाडता फाडता संगणक शिकून सगळा विभाग एकटीने उभा केला. पण त्या दिवशी तिने नऊ वर्षांपूर्वीचा हिशेब पुन्हा मांडून पाहिला. आपलं गणित चुकलं कुठे, हेच तिला कळेना.

दुपारी अध्यक्षांनी बोलावलं. सूर्यभान अण्णा म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस, फक्त त्या नाकावर माशी बसू द्यायचा नाही. त्यांच्यासमोर पुण्याच्या एका कंपनीचा पार्थ नावाचा तरुण बसला होता. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. त्याने एक कागद पुढे सरकवला. त्यावर दोन रकाने होते, मोफत आणि विकत, आणि खाली चौदा ओळी. मोफतच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी फुल्या होत्या.

"मॅडम, मी काही तुमच्या कामाला नावं ठेवत नाही," पार्थ म्हणाला. "पण संघ मोठा झालाय. आता हे अंगाला बसत नाही."

सत्यशीलाने कागद दोनदा वाचला. खोटं एकही अक्षर नव्हतं, हीच तर पंचाईत होती. "चौदातल्या तीन ओळी आपल्या कामाच्या आहेत," ती म्हणाली. "जागा, मेमरी आणि आपोआप होणारा बॅकअप. बॅकअपची सोय मी विंडोजच्या वेळापत्रकातून केलेली आहे, रोज दुपारी एकला होतो. मेमरी पुरते. राहिली जागा."

"आन् जागाच संपली की, बाई," अण्णा म्हणाले. "मंग बोलायचं काय राह्यलं? सोमवारी नाही, त्याच्या पुढच्या नाही, त्याच्याबी पुढच्या सोमवारी बोर्डाची मीटिंग हाय. तवा सही करून टाकू. सगळा कारभार पुण्यावरनं बघतील ही मंडळी. तुमी राहात्याच्या पशुखाद्य डेपोत जावा. पगार त्योच राहील."

पगार त्योच! जणू काही माणूस पगारासाठीच सकाळी उठतो. सत्यशीलाला राहात्याच्या डेपोतली ती लोखंडी खुर्ची दिसली, पेंडीची पोती दिसली, आणि नऊ वर्षांचं आपलं काम दुसऱ्याच्या हातात जाताना दिसलं. तिने पार्थचा कागद घडी करून उचलला. "तीन आठवडे आहेत ना, अण्णा? जागा का संपली ते तेवढ्यात शोधून काढते. नाही सापडलं तर डेपोच्या किल्ल्या मी स्वतः मागून घेईन."

अण्णांना माणूस अडला की आवडत नसे, पण अडून नीट बोलला की आवडत असे. "शोधा," ते म्हणाले.

तिने आधी वापरात नसलेल्या काही जुन्या नोंदी बाजूला काढून तीन आठवड्यांपुरती जागा मोकळी केली, म्हणजे रोजचं काम सुरू झालं. मग मोजायला बसली. पहिली चूक तासाभरात सापडली, आणि ती तिचीच होती. प्रत्येक गाईचे सहा फोटो काढायची पद्धत होती, पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, नाकाचा आणि कासेचा. ते फोटो तिने डेटाबेसच्या आत ठेवले होते. बाहेर साध्या फोल्डरमध्ये ठेवून आत फक्त पत्ता लिहिला असता तरी भागलं असतं. ही चूक तिने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून समोरच्या भिंतीला चिकटवली. स्वतःला सोडायचं नाही, हा तिचा स्वभाव.

पण तेवढ्याने गणित सुटेना. फोटो धरूनसुद्धा दहा जीबी पंचवीस वर्षं पुरायला हवी होती. मग तिने गाई मोजल्या. रोज दूध येत होतं अडतीस हजार गाईंचं. संगणकात जिवंत गाई होत्या एक लाख चार हजार! बाकीच्या सहासष्ट हजार गाई कुठे चरत होत्या? गंमत म्हणजे हा आकडा कुणापासून लपलेला नव्हता. दर वर्षीच्या अहवालात 'संघाच्या गोधनात विक्रमी वाढ' म्हणून रंगीत आलेख छापला जात होता, आणि सभेत त्याला टाळ्या पडत होत्या.

बुधवारी ती एसटीने काष्टीला गेली. तिथल्या एका वस्तीवर झुंबरबाई नावाच्या म्हातारीच्या नावावर संगणकात अकरा गाई होत्या. गोठ्यात होत्या चार.

"अकरा?" झुंबरबाई तोंडावर पदर धरून हसली. "अगं बाई, अकरा गाया आसत्या तर म्या ह्या पत्र्याखाली राह्यले असते व्हय?"

"मग बाकीच्या सात कुठं गेल्या, मावशी?"

"इकल्या की. बाजारात. कवाच."

"विकल्या तर त्यांचे बिल्ले नव्या मालकाच्या नावावर यायला हवे होते."

झुंबरबाईने तिच्याकडे असं पाहिलं, की एवढी शिकलेली बाई आणि हे कसं ठाऊक नाही. मग तिला हाताला धरून गोठ्यात नेलं. मेढीला, म्हणजे मधल्या खांबाला, एक मोठा खिळा होता. त्यावर विकलेल्या गाईंची दावी टांगलेली होती, आणि प्रत्येक दाव्याला एकेक पिवळा बिल्ला बांधलेला होता. सात दावी, सात बिल्ले.

"गाय इकावी, दावं इकू न्हाई," झुंबरबाई म्हणाली. "दाव्यासंगं लक्षुमी जाती गोठ्यातली. माजी सासूबी दावं ठिवायची. आता तुमी कानात नंबर घातला, म्हंजी त्येबी दावंच झालं न्हवं? मंग त्यो बरा दुसऱ्याच्या दारी धाडीन! मी कातरीनं कापून घेती. सगळीच घेत्यात."

सत्यशीला मटकन शेणाच्या पाटीशेजारी बसली. आणि मग तिला इतकं हसू आलं, की गाई वैरण सोडून बघायला लागल्या. नऊ वर्षं! नऊ वर्षं अख्खा तालुका गाय विकताना बिल्ला कापून घरी ठेवत होता. नवा मालक बिनबिल्ल्याची गाय घेऊन संघाच्या दूध संकलन केंद्रावर यायचा, केंद्रावरचा माणूस नवा बिल्ला ठोकायचा, नवे सहा फोटो काढायचा, आणि संगणकात एक नवी गाय जन्माला यायची. जुनी मात्र मरत नव्हती. एका गाईच्या दोन, तीन, चार गाई. आणि तिची कुंडलीही तशीच फाडलेली, एक तुकडा या नंबराखाली, दुसरा त्या.

केडगावला परतताना एसटीत तिने पार्थचा कागद काढला आणि चौदा ओळींखाली पेनने पंधरावी लिहिली: 'एक गाय एकदाच मोजली जाईल का?' मोफतच्या रकान्यात फुली मारली. विकतच्या रकान्यातही मारली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या संकलन केंद्रांवर फळ्यावर सूचना लागली: उद्या दूध घालायला येताना घरातले जुने बिल्ले आणा, पाहून लगेच परत मिळतील, दावी मागणार नाही. शेवटचे तीन शब्द सत्यशीलाने मुद्दाम घालायला लावले, नाहीतर लोकांनी बिल्ले सोडा, दूधसुद्धा आणलं नसतं. पहिल्या दिवशी चाळीस आले. मग दुधाच्या किटल्यांबरोबर पिशव्या यायला लागल्या, कुणाचे बिल्ले धोतराच्या फडक्यात, कुणाचे साबणाच्या खोक्यात. केंद्रावर प्रत्येक बिल्ल्यामागे दोनच प्रश्न विचारायचे: कुणाला विकली आणि कधी? बाजारात विकलेल्या गाईचा दिवस बाईमाणसं विसरत नाहीत, हे सत्यशीलाला पक्कं माहीत होतं, म्हणून प्रश्न बायकांना विचारायचे अशी ताकीद होती. मग त्या दिवसानंतर त्या मालकाकडे कोणता नवा बिल्ला ठोकला ते शोधायचं, दोन्हीकडचे फोटो शेजारी ठेवून अंगावरचे काळे-पांढरे ठिपके जुळवायचे, आणि दोन गाईंची पुन्हा एक गाय करायची. मधल्या व्यापाऱ्याने नाव लपवलं असलं तरी ठिपके काही लपवता येत नव्हते.

दोन आठवड्यांत एकोणीस हजार गाईंच्या फाटलेल्या कुंडल्या जुळल्या. फोटो बाहेरच्या फोल्डरमध्ये गेले. दहा जीबीला टेकलेला डेटाबेस तीनवर उतरला. सत्यशीलाने तो आकडा पाहिला तेव्हा तिला खोलीत कुणी नाही याचं वाईट वाटलं, कारण तिला कुणाला तरी मिठी मारायची होती.

आणि मग मीटिंगच्या आधीच्या शुक्रवारी, बिल्ल्यांच्या शेवटच्या गठ्ठ्यात, अण्णांची गाय निघाली.

अण्णांची ती गाय म्हणजे सबंध संघाला पाठ झालेलं कौतुक. दीड वर्षापूर्वी त्यांनी ती बाजारात स्वतः पारखून घेतली होती. तेव्हा तिसऱ्या वेताला होती, पुढे त्यांच्या गोठ्यात एकदा व्याली, म्हणजे आता चौथं वेत. "जनावर घ्यावं तर आपल्यासारख्यानं," असं ते चारचौघांत सांगत. संगणक मात्र आता सांगत होता, की या गाईला आधी दोन बिल्ले होऊन गेलेत, अण्णांनी घेतली तेव्हा ती पाचव्या वेताला होती, आणि तिची पहिली मालकीण काष्टीची झुंबरबाई. दात जुळले, म्हणजे सगळे पक्के आले, की गाईची वेतं तोंडावरून मोजता येत नाहीत, आणि वेतागणिक शिंगावर पडणारी वळीही व्यापाऱ्याने तासून टाकलेली असणार. अण्णा चक्क फसले होते.

सत्यशीलाने ठरवलं, हे आपल्यापाशीच ठेवायचं. खोटं बोलायचं नाही, पण कुणी विचारल्याशिवाय सांगायचंही नाही.

शनिवारी काष्टीचा बाजार. संघाचा तिथे दर आठवड्याला मांडव असतो. बिल्ला नंबर सांगितला की गाईची कुंडली छापलेली चिठ्ठी मिळते, म्हणजे घेणाऱ्याला कळतं आपण काय घेतोय. अण्णांनी हुकूम सोडला होता, की दोन्ही मशीन तिथेच शेजारी मांडा, सोमवारी सही करायची ती लोकांसमोर बघून करू. पार्थच्या मशीनवर विकतची चाचणी आवृत्ती होती, आणि सर्व्हर अडला त्या मंगळवारची सगळी माहिती. सत्यशीलाच्या मशीनवर तेच मोफतचं. मांडवाबाहेर अण्णांनी हौसेनं आपली गाय बांधली होती, शिंगांना रंग लावून.

पहिल्या पाच-सहा नंबरांना दोन्ही यंत्रांतून चिठ्ठी आली. पार्थची जरा लवकर येत होती. फरक दोन सेकंदांचाच. लोक म्हणाले, विकतचं ते विकतचं. सत्यशीलाने पुढचा नंबर घातला. ज्या गाई कधी विकल्या गेल्या नव्हत्या, त्यांच्या चिठ्ठ्या सारख्याच असणार होत्या.

"थांबा," अण्णा पुढे आले. गर्दी त्यांना आवडायची. "आता माझ्या गाईचा नंबर घाला. सगळ्यांना कळू द्या जनावर कसं पारखत्यात."

सत्यशीलाने नंबर घातला. तिच्यासमोर दोन बटणं होती. एकाने फक्त चालू बिल्ल्याची चिठ्ठी निघत होती, दुसऱ्याने संपूर्ण. पहिलं दाबलं असतं तर अण्णा खूश झाले असते, गर्दी हसली असती, कुणाचं काही बिघडलं नसतं. फक्त मग तिचं यंत्र आणि शेजारचं यंत्र यात काडीचा फरक उरला नसता, आणि पुढच्या आठवड्यात या मांडवात उभ्या राहणाऱ्या माणसाला पुन्हा अर्धीच गाय दाखवली गेली असती. तिने मनात म्हटलं, राहाता तर राहाता. आणि दुसरं बटण दाबलं.

पार्थने आपली चिठ्ठी वाचली. "मालक सूर्यभान अण्णा, बिल्ला दीड वर्षापूर्वीचा, वेत चौथं." लोकांनी माना डोलावल्या.

"आता तुमची वाचा, बाई."

"अण्णा, तुम्हीच वाचा," सत्यशीला म्हणाली आणि चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. ती वीतभर लांब होती.

अण्णा मोठ्याने वाचायला लागले, ती त्यांची सवय. "मालक तीन. बिल्ले तीन. वेत..." आणि आवाज थांबला. कपाळाची शीर फुगली. "सहावं? ह्ये काय लिवलंय? तुमचं फुकटचं मशीन येडं झालंय का मला येडं समजतंय?"

पार्थ हलक्या आवाजात म्हणाला, "अण्णा, माहिती एकत्र करताना एखाद्या वेळी चूक होऊ शकते." तो वाईट हेतूने म्हणत नव्हता, त्याचंही खरंच होतं.

"चूक असेल तर मी आज, आत्ता राहात्याला जाते," सत्यशीला म्हणाली. ती सरळ त्यांच्याकडे बघत होती. "पण आधी गाईच्या कानाला हात लावून बघा, अण्णा. यंत्राला विचारू नका. गाईला विचारा."

अण्णा तरातरा बाहेर गेले, मागोमाग निम्मा बाजार. त्यांनी गाईचा कान हातात धरला. कानाच्या आतल्या लांब केसांतून बोट फिरवलं. बिल्ल्याच्या खाली एक भोक होतं, जुनं, कडा भरून आलेलं. बोट आणखी सरकलं. त्याच्या शेजारी दुसरं.

गर्दीत झुंबरबाई होती, कालवड घेऊन आलेली. "खालचं माजं हाय," ती म्हणाली. "पैल्याच दिशी जरा तिरकं बसलं हुतं. हरणी नाव हुतं हिचं."

अण्णांनी दोन्ही भोकांवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. सत्यशीलाला वाटलं, संपलं. ज्या माणसाच्या सहीवर आपलं सगळं अवलंबून, त्यालाच आपण भरबाजारात उघडं पाडलं.

मग अण्णांनी कान सोडला, मांडवात आले, आणि पार्थसमोर उभे राहिले. "तुमी शिकलेले. खरं सांगा. ह्येच समदं तुमच्या मशीनवर टाकलं, तर निघंल का अशी चिठ्ठी?"

पार्थने एकदा सत्यशीलाकडे पाहिलं. त्याच्या जागी दुसरा असता तर कदाचित गुळमुळीत काही बोलला असता. "निघेल, अण्णा. पण ते एकत्र करण्याचं काम मॅडमनी केलंय, सॉफ्टवेअरने नाही. आणि एकत्र केल्यावर जागेची अडचणच उरलेली नाही. आज तुम्हाला विकतची गरज नाही. उद्या संघ तिप्पट झाला तर जरूर बोलवा."

"तिप्पट तर आमी कागदावर झालोच हुतो की!" अण्णा म्हणाले, आणि स्वतःच खदाखदा हसले. ते हसले म्हटल्यावर बाजार फुटला. शिट्ट्या, टाळ्या, कुणी तरी हलगीसुद्धा वाजवली. मांडवाच्या कडेला चार गाई घेऊन बसलेला एक व्यापारी गडबडीने दावी सोडून पलीकडच्या रांगेत निघून गेला, आणि ते पाहून तर लोक आणखीच हसले.

अण्णांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. "ऐका! मी फसलो. जनावर पारखणारा सूर्यभान फसला, आन् ते या बाईनं माझ्या तोंडावर सांगितलं. असं माणूस पेंडीच्या पोत्यावर बसवायचं का? सही होणार न्हाई. संगणक हितंच राहील, आन् त्याचं सगळं बाईच बघतील. आन् आजपासून दावं खुशाल घरी ठिवा, पण बिल्ला गाईसंगं जाईल. ज्यानं कापला त्याचं दूध बंद."

सत्यशीलाचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत. नऊ वर्षांत पहिल्यांदाच तिला भर बाजारात ताठ उभं राहावंसं वाटलं, आणि ती उभी राहिली. पार्थ आपली खुर्ची सरकवून तिच्या टेबलापाशी घेऊन आला. ठिपके जुळवायला तिने नेमकं काय केलं, ते त्याला बघायचं होतं.

पण आता वेळ कुणाला होता? तिच्या टेबलासमोरची रांग मांडवाबाहेर, चाऱ्याच्या गाड्यांच्याही पलीकडे गेली होती. ज्यांनी मागच्या आठवड्यात गाय घेतली होती, ते आले होते. ज्यांनी मागच्या वर्षी घेतली होती, तेही धावत आले होते. तिने ध्वनिक्षेपक अण्णांच्या हातातून घेतला, नीट तोंडाशी धरला आणि घसा मोकळा करून ओरडली, "पुढचा बिल्ला बोला!"